जीपमधील चिरे हे गौण खनिज नसून प्रवासी असल्याबाबत

प्रति,
मा. मंडळ अधिकारी,
महसूल मंडळ धामणकोंड,
जिल्हा रत्नागिरी.

अर्जदार: श्री. शिवा गंगाराम भुवड, वय ६३, धंदा शेती, राहणार माथ्याची वाडी, मौजे धामणकोंड.

विषय: अर्जदाराची जप्त केलेली जीप, आतील एकवीस जांभ्या चिऱ्यांसह, जशीच्या तशी परत मिळण्याबाबत.

संदर्भ: १) आपण फाट्याजवळ समक्ष केलेला पंचनामा. २) तलाठी भाऊसाहेबांनी दिलेले हमीपत्र, ज्यावर अर्जदाराने अद्याप सही केलेली नाही.

महोदया, आधी अर्जदाराचा नमस्कार घ्यावा, मग अर्ज वाचावा.

१. अर्जदार सातवी पास असून हा अर्ज स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सरकारी कागदात ‘मी, मी’ करणाऱ्याचे काम होत नाही असे त्याचे वडील सांगत, म्हणून तो स्वतःचा उल्लेख अर्जदार असाच करील. लांबण लागल्यास माफी असावी. वाडीत बोलायला कोणी नसल्याने सांगण्यासारखे बरेच साठले आहे, आणि पंचनाम्याच्या वेळी आपणच ‘काका, काय म्हणायचंय ते लेखी द्या’ असे म्हणाला होतात.

२. सदर जीप चारही चाके ओढणारी, जुन्या बांध्याची आणि रीतसर पुनर्नोंदणी केलेली आहे. माथ्याची वाडी ते एसटीचा फाटा ही वाट आधी सड्याच्या उघड्या माळावरून, मग कातळाच्या टप्प्यांवरून आणि शेवटी पऱ्याच्या ओहोळातल्या गोट्यांमधून उतरते. तिला रस्ता म्हणणे हा रस्त्यांचा अपमान आहे. तिच्यावर मोटारसायकल एकदा चढते, पण चढवणारा पुन्हा येत नाही. त्यामुळे आजारी माणूस, रेशन, पत्रे, सिलिंडर, नवरी, जे काही वाडीत आले किंवा वाडीतून गेले, ते याच जीपने. वाडीतला रावजी मांडवकर चारचौघांत म्हणत असे, ‘शिवाची गाडी हाय म्हणून आमी हितं हाव, नायतर कवाच मुंबैला गेलो असतो.’ अर्जदाराने कोणाकडून कधी भाडे घेतलेले नाही, हे परिवहन खात्याच्या माहितीसाठी इथेच नमूद केलेले बरे. कोणी वालाच्या शेंगा दिल्या किंवा मागे फणस टाकला, तर त्याला भाडे म्हणत नाहीत.

गाडीत कोण बसले हे अर्जदाराला मागे न पाहता कळत असे. रावजी मागच्या दाराने चढला की जीप नाक वर करी. तुळसाकाकी चढली तर गाडीला पत्ता लागत नसे, म्हणून ती स्वतःच अर्जदाराच्या पाठीवर थाप मारून सांगे, ‘बसलंय रे बाबा, चल.’ पुढच्या सीटवर अर्जदाराची पत्नी हौसा बसे आणि गाडी कशी चालवावी हे वाटभर सांगत राही. तिला गाडी चालवता येत नाही.

३. गेल्या पावसाळ्यात जीपचे मागचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर, ज्यांना सगळे शॉकअप म्हणतात, तेल गळून निकामी झाले. एका खड्ड्यातून निघालेली गाडी पुढच्या खड्ड्यापर्यंत हेलकावे खात राही. दिवाळीनंतर अर्जदार ती घेऊन खेडला दीपक मिस्त्रीच्या गॅरेजात गेला. दीपकने मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडला. जीप बराच वेळ मान डोलावत राहिली. ‘काका, हे मेले,’ तो म्हणाला.

नवीन कोणते घ्यायचे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही आणि या प्रकरणाचे मूळ तिथेच असल्याने आपण तो समजून घ्यावा ही विनंती. दीपकने समजावले ते असे: ‘वजन पेलायचं काम स्प्रिंगच्या पाट्यांचं. शॉकअप काय करतो, तर उडालेली गाडी धरतो. किती जोरात धरायची, ते आत माणसं किती त्याच्यावर.’ मऊ शॉकअप घेतले आणि गाडी भरली, तर ती प्रत्येक टप्प्याला बूड आपटते. कडक घेतले आणि गाडी रिकामी असली, तर ती उसळते आणि चाक जमिनीवर ठरत नाही. खटका फिरवून हवे तसे कडक-मऊ करता येणारेही मिळतात म्हणे, पण ते अर्जदाराच्या जुन्या गाडीला बसत नाहीत. म्हणजे दोनातले एक निवडणे भाग होते. दीपकने फळीवरून दोन्ही जोड्या काढून पुढ्यात ठेवल्या आणि विचारले, ‘एका वेळेला माणसं किती असतात?’

४. या प्रश्नाला अर्जदाराने उत्तर दिले, ‘चौदा घरं हायत आमची.’

यात लबाडी नव्हती. आमच्याकडे वाडी केवढी असे विचारले की घरे सांगतात. माणसे मोजू नयेत, मोजली की कमी होतात, असे जुने लोक म्हणत. लग्नाचे आवतण घराला, देवाची वर्गणी घराला, पालखीचा मान घराला. कुलूप लावलेले घर हेही घरच असते. त्याच्या नावाचा नारळ वाडीच्या देवापुढे वाढवतात आणि त्याच्या वाटणीचे खोबरे राखून ठेवतात. हे सगळे खेडच्या दीपकला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याने चौदा घरे म्हणजे गाडी खच्चून भरत असणार असा हिशेब केला आणि मऊ जोडी परत फळीवर ठेवली. अर्जदाराने त्याला थांबवले नाही. उलट त्याला बरे वाटले.

वस्तुस्थिती अशी की त्या दिवशी चौदापैकी तेरा घरांना कुलूप होते. शाळा बंद झाली तेव्हा पोरांची घरे गेली. रावजीचे गुडघे गेले आणि त्याला मुलाने मुंबईजवळ दिव्याला नेले. तुळसाकाकी सर्वांत मागे राहिली होती. दसरा झाला आणि तिचा नातू रितेश न्यायला आला. अर्जदारानेच दोघांना खेड स्टेशनवर सोडले. एरवी ही बाई पऱ्यापाशी देवाचे नाव घेत डोळे मिटून बसे, त्या दिवशी मात्र वाटभर बाहेर बघत होती. म्हणाली, ‘हळू घे शिवा, मना घाई नाय.’ अर्जदाराने एवढी हळू घेतली की त्यांची रेल्वे जवळजवळ चुकली होती.

हौसाची गोष्ट वेगळी आहे. ती काही वाडी सोडून गेलेली नाही. मुलगा अनिल नालासोपाऱ्याला असतो. त्याला मुलगी झाली तेव्हा ती सुनेच्या बाळंतपणाला म्हणून गेली. बाळंतपण आटोपले, मग सुनेची नोकरी पुन्हा सुरू झाली, मग नातीचे दात, मग गोवर, मग बालवाडी. नात वेदिका आता पहिलीत आहे. हौसा अजून बाळंतपणालाच गेलेली आहे.

५. कडक शॉकअप बसवून रिकामी जीप वर आणताना काय झाले, ते अर्जदाराच्या कमरेला विचारावे. पऱ्याच्या चढावर मागचे चाक हवेतच फिरत होते आणि डोके वरच्या नळीवर आपटून टेंगूळ आले. दुसऱ्याच दिवशी खेडला जाऊन जोडी बदलून आणता आली असती. दीपक तसा माणूस आहे, त्याने कुरकुर केली नसती. पण मग त्याला तोंडाने सांगावे लागले असते, की बाबा, गाडीत आता कोणी नसते. ते सांगण्यापेक्षा गाडीत वजन घालणे अर्जदाराला सोपे वाटले.

प्रथम भाताची पोती टाकून पाहिली. उंदरांनी सीटसुद्धा सोडली नाही. मग पाण्याची पिंपे ठेवली. वळणावर सगळे पाणी एका अंगाला धावे आणि गाडी त्याच्यामागून. माणसे अशी करत नाहीत. शेवटी अर्जदाराला स्वतःच्या पडक्या गोठ्यातले चिरे आठवले. हे चिरे त्याच्या वडिलांनी लावलेले असून त्यांवर अजून चुन्याचे डाग आहेत, ते आपण पाहिले आहेत. जांभ्याचा चिरा शांत असतो, ठेवला तिथे राहतो आणि त्याच्या अंगाला अंग लागले तरी भांडत नाही.

६. सुरुवातीला सगळे चिरे मध्यभागी रचले होते. तेवढ्याने गाडी ताळ्यावर येईना. मग माणसे जिथे बसत तिथे ठेवून पाहिले, आणि जीप एकदम पूर्वीसारखी चालू लागली. यात यंत्रशास्त्र आहे, वेड नाही, अशी नोंद व्हावी. रावजीच्या जागी मागच्या दाराला तीन चिरे लागले. तुळसाकाकीच्या जागी एक पुरला, तोही कोपरा उडालेला. बाकीचे ज्याच्या त्याच्या जागी बसले. कोणावरही नाव घातलेले नाही. नावे घालण्याइतका अर्जदार बिघडलेला नाही. पुढच्या सीटवर चिरा नाही, कारण शॉकअप मागचे बदलले होते; शिवाय ती जागा हौसाची असून रिकामी नाही, राखीव आहे.

वाटेत अर्जदार बोलतो हे खरे आहे. पऱ्या आला की ‘धरून बसा’ म्हणायची त्याला जुनी सवय आहे. ते म्हणता म्हणता आणखी चार गोष्टी निघतात. यंदा काजूला मोहर बरा आहे, गव्यांनी वरचा बांध पाडला, रावजीच्या घराची कौले सरकली होती ती सारखी केली, असे. उत्तराची अपेक्षा नसते. पण दिवसभरात स्वतःचा आवाज एकदाही कानावर पडला नाही, तर माणसाला आपण आहोत की नाही अशी शंका येऊ लागते. आपल्याला हा अनुभव नसेल. येऊ नये अशी प्रार्थना.

७. आता प्रत्यक्ष घटनेकडे येतो. बाजाराच्या दिवशी अर्जदार जीप घेऊन खाली येत असता फाट्याच्या अलीकडे आपली गाडी आडवी उभी होती. आसपास विनापरवाना चिरेखाण चालते अशी तक्रार होती, म्हणून आपण आला होतात. त्यात आपले काही चुकले नाही. चुना लागलेले असले तरी चिरे ते चिरे, आणि ते जीपमध्ये माणसांसारखे दोन्ही बाकांवर समोरासमोर बसलेले पाहून कोणालाही संशय येईल. तलाठी भाऊसाहेबांनी विचारले, ‘कुठल्या खाणीचा माल?’ अर्जदार म्हणाला, ‘खाणीचा नाय, गोठ्याचा.’ त्यांनी विचारले, ‘कुणाकडे उतरवायचा?’ अर्जदार म्हणाला, ‘उतरवायचा नाय. बाजार करून माझ्यासंगट परत येतात.’ यावर त्यांनी ‘चालकाने असंबद्ध उत्तरे दिली’ असे पंचनाम्यात लिहिले. अर्जदाराच्या मते उत्तरे सरळ होती.

कायद्याच्या दृष्टीनेही बघावे. वाहतूक म्हणजे वस्तू एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवणे. हे चिरे सकाळी निघून संध्याकाळी निघाल्या जागी येतात. गाडीतून फिरून घरी परत येणाऱ्याला कोणी माल म्हणत नाही, प्रवासीच म्हणतात. शिवाय पंचनामा झाल्यावर जीप कार्यालयाच्या आवारात नेताना तलाठी भाऊसाहेब स्वतः चालवत होते आणि उतरल्यावर म्हणाले होते, ‘काका, गाडी काय मस्त बसते हो.’ ती कशामुळे बसते, हे त्यांना आता कळले असेल.

एक गोष्ट अर्जाशी संबंधित नाही, पण लिहितो. आपण गाडी अडवलीत तेव्हा अर्जदाराला भीती वाटायला हवी होती. ती वाटली नाही, उलट आनंद झाला. आपण, तलाठी भाऊसाहेब, शिपाई बाबू आणि आपल्या गाडीचा चालक, अशी चार माणसे एका जागी उभी होती आणि चौघेही अर्जदाराशीच बोलत होते. त्याने सर्वांना वर चहाला बोलावले, ते त्यामुळे. ज्याच्यावर कारवाई करायची त्याचा चहा घेता येत नाही, असे आपण म्हणालात. ते बरोबरच आहे. पण चिरे मोजताना अर्जदाराने मुद्दाम दोनदा आकडा चुकवला, जेणेकरून मोजणी लांबेल, हे आता कबूल करायला हरकत नाही.

८. पंचनाम्याबाबत एक हरकत नोंदवतो. पंच हे त्याच जागचे, दोन, प्रतिष्ठित असावे लागतात. त्यासाठी आपण बाबूला वाडीत पाठवलेत. तो धापा टाकत परत आला आणि म्हणाला, ‘म्याडम, वर कोनच नाय. एक कुत्रा हाय, तो पन झोपलाय.’ मग खालच्या गावातून दोन माणसे आणावी लागली. त्यांनी चिरे पाहिले, सह्या केल्या आणि हसत गेले. ती माणसे माथ्याच्या वाडीची नव्हती. चिरे कोणाच्या जागी बसलेत हे त्यांना कसे ठाऊक असणार? वाडीचे पंच मिळाले असते तर त्यांनी सांगितले असते. अर्थात वाडीचे पंच मिळाले असते तर चिरेच नसते, हेही अर्जदाराला समजते.

बाबू परत आल्यावर आपण विचारले होतेत, ‘काका, वर कोणीच राहत नाही?’ अर्जदाराने तेव्हाही चौदा घरे असल्याचे सांगितले. आपण त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलेत आणि पुढे काही विचारले नाहीत. त्याबद्दल आभार.

९. आता हमीपत्राविषयी. आपण दयाळूपणे असे सुचवले, की चिरे जुने आणि घरचे दिसतात, तेव्हा अर्जदाराने एक हमीपत्र दिल्यास दंड न करता जीप त्याच दिवशी सोडता येईल. एवढी सवलत आजकाल कोणी देत नाही याची अर्जदाराला जाणीव आहे. हमीपत्रात ओळ एकच आहे: ‘यापुढे सदर वाहन रिकामे चालवीन.’ तलाठी भाऊसाहेब म्हणाले, ‘काका, सही करा आणि गाडी घेऊन जा. एका ओळीचा तर प्रश्न आहे.’

त्या एका ओळीचाच प्रश्न आहे. चिरे चोरले असे लिहून दिले असते, तर अर्जदाराने डोळे मिटून सही केली असती आणि वर दंडही भरला असता. पण यापुढे गाडी रिकामी चालवीन, असे स्वतःच्या हाताने कसे लिहून द्यायचे? आज ती रिकामी आहे, हे मान्य. उद्या हौसा आली, रावजीचे गुडघे बरे झाले, तुळसाकाकीला मुंबईचे पाणी मानवले नाही, तर काय करायचे? त्यांना फाट्यावर उभे करून सांगायचे, की मी लिहून दिले आहे, तुम्ही चालत या? शॉकअप कडक आहेत तोवर गाडी माणसांची वाट बघते, असे अर्जदार धरून चालला होता. ते बदलले आणि वर सहीही केली, म्हणजे वाट बघायचे संपले.

जीप आवारात उभी आहे तेव्हापासून अर्जदार फाट्यापर्यंत चालत येतो-जातो. चालायचे दुःख नाही. पण गाडीच्या आवाजाने वाडीत निदान कोणी आल्यासारखे, कोणी गेल्यासारखे वाटे. आता संध्याकाळी घर खायला उठते.

सबब, जीप चिऱ्यांसह परत मिळावी, चिऱ्यांची नोंद प्रवासी अशी करावी आणि हमीपत्राची अट काढून टाकावी, ही नम्र प्रार्थना.

१०. इथपर्यंतचा अर्ज घरी लिहिला होता. पुढचा मजकूर आपल्या कार्यालयाच्या पायरीवर बसून लिहीत आहे, म्हणून शाई वेगळी दिसेल. अर्जदार अर्ज द्यायला आला तेव्हा आपण तालुक्याला मीटिंगला गेल्याचे बाबूने सांगितले. ‘बसा काका, म्याडम येतील जेवून,’ म्हणाला आणि पाण्याचा तांब्या ठेवून गेला. समोर आवारात जीप उभी होती. ताडपत्रीखाली सगळे आपापल्या जागी होते.

वाडीत फोन लागायला सड्यावरच्या एका खडकावर उभे राहावे लागते आणि अर्धे बोलणे वारा घेऊन जातो. इथे पायरीवर मात्र रेंज चांगली आहे. म्हणून अर्जदाराने हौसाला फोन लावला. जीप जप्त झाल्याचे तिला आजवर सांगितले नव्हते. आज सगळे सांगितले. दीपकने काय समजावले, माणसे भरायची तर कडक, एकट्याने चालवायची तर मऊ, हे सांगितले. चिरे सांगितले, कोण कुठे ठेवला तेही सांगितले. ती मध्ये एकदाच हसली, तुळसाकाकीच्या चिऱ्याचा कोपरा उडालेला आहे म्हटल्यावर. मग हमीपत्राची ओळ वाचून दाखवली.

शेवटी अर्जदाराने विचारले, ‘तर काय करू? कडक ठेवू, का मऊ घालू?’

प्रश्न नुसता शॉकअपचा नाही, हे हौसाला बरोबर कळले होते. तिच्या मागे वेदिका मोठ्याने पाढे म्हणत होती, ती कुठेतरी अडली आणि हौसाने तिला पुढचा आकडा सांगितला. मग फोनवर म्हणाली, ‘मऊच घाला आता. तुमच्या कमरंला बरं पडंल.’

अर्जदार म्हणाला, ‘बरं.’

तिने विचारले, ‘जेवलाव काय?’ अर्जदाराने जेवलो म्हणून सांगितले. जेवला नव्हता. फोन ठेवल्यावर त्याला फार एकटे वाटले. इतके दिवस वाटत होते ते एकटेपण नव्हते, नुसता उशीर होता, असे आज कळले. हौसाचा यात दोष नाही. जिथे तिला कोणी हाक मारते तिथे ती आहे. तिने खोटे सांगितले असते, पुढच्या महिन्यात येते म्हणाली असती, तर अर्जदाराने ते खरे मानले असते आणि चिऱ्यांवर येता पावसाळाही काढला असता. तिला तेही ठाऊक असणार.

११. सबब परिच्छेद ९ च्या शेवटी केलेली प्रार्थना अर्जदार मागे घेत आहे. ती खोडत नाही, कारण जे वाटले होते ते वाटलेच होते. हमीपत्रावर सही करून ते सोबत जोडले आहे. चिऱ्यांबाबत आता काही म्हणणे नाही. आपल्या कार्यालयाचे कुंपण मागल्या बाजूला पडले आहे, तिथे ते लागतील. चांगले भाजलेल्या रंगाचे, वडिलांच्या हातचे चिरे आहेत. उतरवताना बाबूने एकट्याने उचलू नयेत, दोघांनी धरावेत. कोपरा उडालेला तेवढा कोणी फेकून देऊ नये, तोही बसतो कुठेतरी.

मागणी एवढीच, की शक्य असल्यास जीप आज दुपारीच सोडावी. इथून अर्जदार सरळ खेडला जाणार आहे. दीपकला फोन करून सांगितले आहे. गाडीत आता कोणी नसते, हेही सांगितले. तो म्हणाला, ‘या काका, मऊ जोडी काढून ठेवतो.’ कडक जोडी फारशी वापरलेली नसल्याने ती परत घ्यायला तो तयार होता. अर्जदाराने नको म्हणून सांगितले. ती पुसून, ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून तो घरी माळ्यावर ठेवणार आहे. कोणी येणार असल्याचे आदल्या दिवशी जरी कळले, तरी अर्ध्या दिवसात बदलून होतात, असे त्याने दीपकला विचारून घेतले आहे.

आपण जेवून येईपर्यंत पायरीवरच बसलेला,

आपला नम्र,
(सही)
शिवा गंगाराम भुवड
माथ्याची वाडी

दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५

सोबत:
१) हमीपत्र, सही केलेले.
२) जीपच्या नोंदणीची छायाप्रत.
३) गोठ्याच्या पडक्या भिंतीचा फोटो. फोटो अर्जदाराने स्वतः काढलेला असल्याने त्यात माणूस दिसत नाही.